विश्लेषण : कोडमध्ये राहिलेली एक किल्ली आणि कोट्यवधींची माहिती, पासवर्ड ‘लपवणं’ पुरेसं का नाही?

टॅक्सी बोलावण्यासाठी आपण ॲपला नाव, ईमेल, मोबाईल नंबर देतो. ही माहिती कुठेतरी सर्व्हरवर कुलूपबंद असेल, असं गृहीत धरतो. कुलूप असतंही. पण त्या कुलपाची किल्ली प्रोग्रामरने कोडमध्येच लिहून ठेवली असेल तर?

उबरच्या बाबतीत हेच झालं. तेही एकदा नाही, दोनदा.

उबरमध्ये नेमकं काय घडलं?

गिटहब म्हणजे जगभरातले प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती वेबसाइट. २०१४ मध्ये उबरच्या एका इंजिनीअरने तिथे टाकलेल्या कोडमध्ये ॲमेझॉन क्लाउडची ॲक्सेस की तशीच राहिली. तो कोड सार्वजनिक होता, कोणीही वाचू शकत होतं. त्या किल्लीने एक लाखाहून अधिक चालकांची नावं आणि लायसन्स नंबर हल्लेखोराला मिळाले.

२०१६ मध्ये कोड सार्वजनिक नव्हता, खासगी होता. पण हल्लेखोरांनी दुसऱ्याच वेबसाइटवरून पूर्वी फुटलेले पासवर्ड वापरून पाहिले आणि उबरच्या इंजिनीअरांची गिटहब खाती उघडली. लॉगिनसाठी पासवर्डनंतरची दुसरी पायरी सक्तीची नव्हती. आत कोडमध्ये ॲक्सेस की पुन्हा साध्या अक्षरांत लिहिलेली होती. परिणामी ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती गेली.

कंपनीने हल्लेखोरांना एक लाख डॉलर दिले आणि प्रकरण दडवलं. लोकांना कळलं ते वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ मध्ये. २०१८ मध्ये उबरने अमेरिकेतील राज्यांशी १४ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड केली. तत्कालीन सुरक्षाप्रमुख जो सलिव्हन यांना २०२२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवलं.

दोन्ही घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. कोड खासगी ठेवणं म्हणजे तो तिजोरीत ठेवणं नव्हे.

किल्ली कोडमध्ये येतेच कशी?

एकच ॲप प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर, चाचणीच्या सर्व्हरवर आणि खऱ्या सर्व्हरवर चालतं. प्रत्येक ठिकाणी डेटाबेसचा पत्ता वेगळा, सेटिंग वेगळं. म्हणून ही सेटिंग्ज एका वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात.

यातली बरीच सेटिंग्ज निरुपद्रवी असतात : ॲपची भाषा कोणती, एका पानावर किती वस्तू दाखवायच्या वगैरे. पण डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचा टोकन ही गुपितं आहेत. दोन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये राहतात आणि ती फाइल कोडबरोबर गिटहबवर जाते, तिथे घोळ होतो. ‘आता टाकतो, नंतर काढतो’ म्हणून टाकलेली की बहुतेक वेळा तिथेच राहते.

लक्षात आल्यावर डिलीट केली तर?

उपयोग नाही. कोडच्या नोंदी ठेवणारी गिट ही प्रणाली प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवते. आजच्या फाइलमधून पासवर्ड पुसला तरी कालच्या प्रतीत तो दिसतोच. शिवाय गिटहबवर अशा किल्ल्या शोधत फिरणारे बॉट असतात. तुम्हाला चूक कळेपर्यंत किल्लीची नक्कल झालेली असू शकते.

टोयोटाला चूक कळायला तर जवळपास पाच वर्षं लागली. ‘टी-कनेक्ट’ सेवेचं काम करणाऱ्या कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये कोडचा काही भाग गिटहबवर सार्वजनिक केला. त्यात डेटा सर्व्हरची ॲक्सेस की होती. हे सप्टेंबर २०२२ मध्ये लक्षात आलं. तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड होण्याचा धोका कायम होता.

म्हणून पहिला नियम : उघडी पडलेली किल्ली पुसत बसू नका, आधी कुलूप बदला. म्हणजे जुनी की रद्द करून नवी घ्या. हे साधं वाटतं, पण होत नाही. गिटगार्डियन या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार २०२४ या एका वर्षात गिटहबच्या सार्वजनिक कोडमध्ये २ कोटी ३८ लाख नवी गुपितं सापडली. आणि २०२२ मध्ये उघड झालेल्यांपैकी ७० टक्के तेव्हाही चालू होती.

मग गुपितं एन्क्रिप्ट करून ठेवली तर?

हा चांगला उपाय आहे. रुबी ऑन रेल्स या फ्रेमवर्कने २०१८ मध्ये ५.२ आवृत्तीत ही सोय दिली. सगळी गुपितं एका फाइलमध्ये एन्क्रिप्ट होतात, म्हणजे बाहेरच्याला ती अर्थहीन अक्षरं दिसतात. ही फाइल कोडबरोबर ठेवली तरी चालते. ‘सॉप्स’सारखी साधनं सेटिंगचं नाव वाचता येईल असं ठेवतात आणि फक्त किंमत एन्क्रिप्ट करतात. त्यामुळे काय बदललं हे टीमला कळतं, पासवर्ड मात्र दिसत नाही.

पण ती फाइल उघडणारी ‘मास्टर की’ कुठे ठेवायची? तीही कोडबरोबर गेली, तर कुलूप लावून किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवल्यासारखंच. एन्क्रिप्शनने शंभर गुपितांचा प्रश्न एका गुपितावर येतो. तो एक प्रश्न मात्र माणसालाच सोडवावा लागतो : ही की कोणाकडे आहे, नोकरी सोडून गेलेल्याकडे अजून आहे का, शेवटची कधी बदलली?

मोठ्या कंपन्या त्यासाठी ‘व्हॉल्ट’सारखी वेगळी डिजिटल तिजोरी वापरतात. ॲपला हवी तेव्हा की मिळते, काही वेळाने ती आपोआप निकामी होऊ शकते आणि कोणी कधी मागितली याची नोंद राहते.

भारतात कायदा काय सांगतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती फुटली तर संबंधित व्यक्तीला विलंब न लावता कळवावं लागेल. उबरच्या ग्राहकांना वर्षभर अंधारात ठेवलं गेलं, ते या नियमांत बसणार नाही.

आपण काय करायचं?

कॉलेजचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकत असाल, तर पासवर्डची फाइल आधी ‘गिट-इग्नोर’ यादीत टाका. चुकून की गेलीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच रद्द करा आणि टीमला सांगा.

आणि कोडशी संबंध नसला, तरी उबरची दुसरी घटना आठवा. तिथे दार उघडलं ते दोन ठिकाणी वापरलेल्या एकाच पासवर्डमुळे. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि लॉगिनची दुसरी पायरी, एवढं आपल्या हातात आहे. कंपनीकडून फुटलेला पासवर्ड बदलता येतो. लायसन्स नंबर, जन्मतारीख, घरचा पत्ता मात्र कोणतीही कंपनी आपल्याला नव्याने देऊ शकत नाही.