वाटेवरची आत्या

पुण्याहून पहाटे निघायचं, शिंगणापूर-शिर्डी उरकून रात्री घरी. अशा सहलीत नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, लागतं ते चहापुरतं. ज्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना पंडित नेहरूंनी १९४४ साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, तो मुलांनी पाहिलेला नसतो. रणगाड्यांचं संग्रहालय राहतं, नेवाशाचा पैस खांबही राहतो. आणि राहून जाते सावेडीतली आत्या! 'पुढच्या खेपेला नक्की' म्हणत आम्ही दहा वर्षं तिच्या गावावरून गेलो. गेल्या वर्षी थांबलो, तर तिला आमची नावं आठवेनात. तरी मुलांच्या हातावर तिनं साखर ठेवलीच. म्हणून सांगतो, सहलीत एक मुक्काम वाढवा. देव जागचे हलत नाहीत. माणसांचं तसं नसतं.