बालीला सात दिवस, तंजावरला दीड तास

पुण्या-ठाण्यातल्या ट्रॅव्हल कंपन्यांच्या काचांवर सध्या ज्वालामुखी आहे. बाटूरचा. पहाटेचं धुकं, पायथ्याशी तळं, खाली ‘बाली: ६ रात्री, ७ दिवस’ आणि त्याखाली मासिक हप्त्याचा आकडा. त्याच काचेच्या कोपऱ्यात ‘दक्षिण भारत दर्शन’चं पत्रक असतं. त्यात मदुराई, रामेश्वरम, कन्याकुमारी ठळक अक्षरांत, आणि मध्ये कुठेतरी बारीक टायपात ‘वाटेत तंजावर’.

या ‘वाटेत’चा अर्थ साधारण दीड तास.

बस साडेअकराला पोचते. चपला काढल्या की तापलेल्या फरशीवर मंडळी टाचांवर नाचत बृहदीश्वराच्या गोपुरात शिरतात. गाभारा साडेबाराच्या सुमाराला बंद होतो तो चारपर्यंत उघडत नाही, त्यामुळे दर्शनाची घाई. नंदीसमोर फोटो. मग गाईडची ठरलेली दोन वाक्यं: या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, आणि वरचा ८० टनांचा दगड अखंड आहे. दोन्ही खोटी. सावली पडते, आणि भर दुपारी त्याच सावलीत उभं राहून लोक ती पडत नसल्याचं ऐकून घेतात. वरचा घुमटाकार भागही अनेक दगड जोडून रचलेला आहे. खरं आश्चर्य त्याहून मोठं आहे, पण ते सांगायला दीड तास पुरत नाही.

बालीला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. जागा सुंदरच आहे. तीन हजार मीटरहून उंच आगुंग पर्वत, त्याच्या उतारावर बेसाकीचं देवस्थान, १९६३ च्या उद्रेकात लाव्हा ज्याच्या अगदी जवळून गेला ते. ज्वालामुखीच्या मातीत पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भातखाचरं आणि त्यांचं पाणी वाटून घेणारी ‘सुबक’ ही जुनी व्यवस्था, जिला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पैसे खर्चून पाहावं असंच हे सगळं. गंमत एवढीच, की ज्वालामुखी पाहायला विमानाने निघालेला मराठी माणूस मुळात लाव्हावरच राहतो. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. वेरूळचं कैलास त्याच कातळात वरून खाली कोरत नेलं.

तंजावरात याच्या नेमकं उलट. कावेरीच्या गाळाचा सपाट मुलूख, नजर जाईल तिथवर भात, आणि दगड नावाला नाही. अशा ठिकाणी राजराज चोळाने लांबून ग्रॅनाइट वाहून आणवला आणि २१६ फुटांचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, रचलं. १०१० मध्ये ते पुरं झालं. कोरीव कामाला ग्रॅनाइटइतका हट्टी दगड दुसरा नाही. तरीही त्याच्या जोत्यावर ओळीमागून ओळी अक्षरं कोरलेली आहेत. देवळाच्या सेवेला आणलेल्या ४०० नर्तकींची नावं त्यांत आहेत, आणि कोणती कुठल्या रस्त्यावर कितव्या घरात राहते हेसुद्धा. हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रियांचे पत्ते! पर्यटकांची बस तोवर हॉटेलच्या दारात पोचलेली असते.

याच देवळात एक यादी आहे, आणि बालीच्या जाहिरातीखाली खरं तर ती छापायला हवी. राजराजाचा मुलगा राजेंद्र याने १०२५ च्या सुमाराला समुद्रापार आरमार पाठवलं. तिथे जिंकलेल्या ठिकाणांची नावं इथल्या १०३०-३१ च्या लेखात आहेत. त्यांत श्रीविजय आहे, मलैयूर आहे, इलामुरिदेश आहे. ही सगळी सुमात्रा बेटावरची ठिकाणं, म्हणजे ज्वालामुखींची रांग पाठीवर घेऊन पसरलेलं बेट. नक्कवारमही आहे, ते आजचं निकोबार. ग्रॅनाइटवरच्या या तमिळ ओळी म्हणजे ज्वालामुखीच्या बेटांचा भारतात उरलेला एक फार जुना पत्ताच.

लढाईच्या आधी या दोन दरबारांत सलोखाही होता. श्रीविजयाच्या शैलेंद्र राजाने नागपट्टिणमला बौद्ध विहार बांधला आणि शैव राजराजाने त्याला आनैमंगलम हे गाव लावून दिलं. तो दानपत्राचा जाडजूड ताम्रपट पुढे हॉलंडला गेला आणि ‘लायडेन ताम्रपट’ म्हणून प्रसिद्ध झाला. बापाने ज्यांच्या विहाराला गाव दिलं त्यांच्यावर मुलाने आरमार घातलं, हा व्यापाराच्या राजकारणाचा नमुना. २०२५ मध्ये या मोहिमेची हजार वर्षं राजेंद्राच्या राजधानीत, गंगैकोंडचोळपुरमला, सरकारी थाटात साजरी झाली, पंतप्रधानही गेले. आपल्याकडे ती बातमी आली आणि गेली.

आता मराठी वाचकाच्या घरची गोष्ट. त्याच देवळाच्या आवारात, नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर, देवनागरी अक्षरं दिसतात. तमिळ आणि ग्रंथ लिपीच्या त्या जंगलातून फिरताना ती इतकी अचानक समोर येतात की पुष्कळांना आधी ती संस्कृत वाटतात. जवळ जाऊन बोट फिरवलं की कळतं, हे मराठी आहे. १८०३ मध्ये तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी भोसले वंशाची बखरच दगडावर कोरून घेतली. मजकूर बाबूराव चिटणिसांचा. मालोजी, शहाजी, व्यंकोजी असा घराण्याचा इतिहास भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

पण इथे छाती फुगवण्याआधी तारीख पाहावी. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला होता. हातात उरला होता तंजावरचा किल्ला आणि तनखा. म्हणजे ज्या घराण्याची सत्ता संपली, त्याने सत्ता संपल्यावर चारच वर्षांत आपली कहाणी दगडावर लिहिली, आणि तीही स्वतः न बांधलेल्या, आठशे वर्षं जुन्या देवळात. हा विजयस्तंभ नाही. आपण कोण होतो हे विसरलं जाईल या धास्तीने कोरलेला मजकूर आहे, आणि म्हणूनच तो कुठल्याही विजयस्तंभापेक्षा वाचनीय आहे.

तंजावरला जाणाऱ्या मराठी माणसाची दुसरी खोड हीच, की तो तिथे ‘आपला झेंडा’ शोधतो. व्यंकोजींनी १६७० च्या दशकात हे राज्य घेतलं, पण त्यांच्या वंशजांचं मोठेपण तलवारीत नाही, ते तिथलेच होऊन जाण्यात आहे. व्यंकोजींचे पुत्र शहाजी तेलुगूत यक्षगानं लिहीत, आणि मराठीतही नाटकं लिहीत. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यातलं एक. आपण मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीला १८४३ मध्ये मानतो आणि ५ नोव्हेंबरला नटराजाला हार घालतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी कावेरीकाठी मराठी पात्रं बोलत होती, याची आठवण त्या दिवशी फारशी कुणी काढत नाही. भरतनाट्यम आज ज्या क्रमाने सादर होतं, तो क्रम बांधणारे चार भाऊ, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, भोसल्यांच्याच दरबारातले.

आणि सरस्वती महाल. नायक राजांच्या काळापासूनचं हे ग्रंथालय सरफोजींनी वाढवलं. आज तिथे चाळीस हजारांहून जास्त हस्तलिखितं आहेत, ताडपत्रावरची आणि कागदावरची. मराठी पोथ्याही हजारांनी आहेत. शिवाय मोडीतले दरबारी कागद. सोबतच्या छोट्या संग्रहालयात जे मांडलंय ते पाहून या राजाची नजर कुठे कुठे फिरत होती ते कळतं. एका फ्रेंच चित्रकाराने काढलेले माणसांचे चेहरे, शेजारी त्यांच्याशी जुळणारे प्राण्यांचे चेहरे: घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस. मुलं तिथून हलत नाहीत. पलीकडे चीनमधल्या शिक्षांची चित्रं. सरफोजी आपल्या इंग्रजी पुस्तकांवर इंग्रजीत सही करत. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं, रोगट डोळ्यांच्या चित्रांसह, या संग्रहात जपलेली आहेत. राजवाड्यात छापखानाही होता, आणि इसापच्या गोष्टी तिथे मराठीत छापल्या गेल्या.

राजवाड्यातच कलादालन आहे. बाकी काही पाहायचं नसेल तर निदान तिथला तिरुवेंकाडूचा वृषवाहन शिव पाहावा. १०११ च्या सुमाराचा कांस्याचा पुतळा. एक पाय दुसऱ्यावर टाकून देव निवांत उभा आहे, जटा सापांच्या वेटोळ्यांनी पागोट्यासारख्या बांधलेल्या, आणि उजवा हात हवेत टेकलेला. नंदीवर टेकलेला होता तो; नंदी आज नाही. नसलेल्या बैलावर भार टाकून उभा असलेला हा देव पाहताना, नंदी होता कुठे हे कुणाला विचारावं लागत नाही. हाताच्या वळणावरून त्याच्या वशिंडाची उंची कळते.

खाण्याचं थोडक्यात. सांबार संभाजीराजांच्या नावावरून आलं, आमसूल संपलं म्हणून चिंच घातली, ही कहाणी तिथे प्रत्येक जण सांगतो. चवीने ऐकावी, पुरावा मागू नये. त्यापेक्षा तमिळ घरातलं ‘पिट्लै’ मागावं. नाव आपल्या पिठल्याचं, पण ताटात येते ती चिंच-खोबरं घातलेली डाळ-कारल्याची भाजी. नावाने प्रवास केला आणि पदार्थ वाटेत बदलला. तंजावर मराठी बोलणाऱ्या घरांचंही काहीसं तसंच आहे. क्रियापदं ओळखीची, सूर कावेरीचा.

मग करायचं काय? सहल कंपन्यांनी ‘वाटेत’ हा शब्द काढून तिथे ‘२ रात्री’ लिहावं. एक सकाळ राजवाड्याला आणि ग्रंथालयाला, दोन संध्याकाळी देवळाला. संध्याकाळी पाचनंतर दगड निवतो, गावातली माणसं पोरंबाळं घेऊन हिरवळीवर येऊन बसतात, आणि विमानाचा रंग दर दहा मिनिटांनी बदलतो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. बालीत परदेशी पाहुण्याला नुसतं पाऊल ठेवायला दीड लाख रुपया, तिथले, मोजावे लागतात. महाराष्ट्र सरकारला परराज्यात स्मारकं उभारण्याची हौस आहेच, तर नवं काही बांधू नये. पुरातत्त्व खात्याशी बोलून त्या मराठी भिंतीशेजारी एक साधा फलक लावावा: लेख काय आहे, कुठून वाचायला सुरुवात करायची, तमिळमध्ये त्याचा सारांश काय. दुसरं, मोडी वाचणारी चार पोरं दरवर्षी शिष्यवृत्ती देऊन तंजावरला पाठवावीत. तिथल्या तमिळ विद्यापीठाने भोसल्यांच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतराचे खंड केव्हाच काढले. तमिळ वाचकाला जे वाचता येतं ते मराठी वाचकाला येत नाही, ही स्थिती जरा लाजिरवाणीच आहे.

दोन रात्रींवर कुणी तिसरी वाढवलीच, तर गाडी करून पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रापर्यंत जावं. तिथे किनाऱ्यावर सरफोजींनी बांधलेला आठ मजली षटकोनी मनोरा आहे. नावही ‘मनोरा’च, तमिळ माणसं तेच म्हणतात. नेपोलियनच्या पाडावाच्या आणि इंग्रजांच्या विजयाच्या आनंदात १८१४-१५ मध्ये तो उभा राहिला. त्याच १८१५ च्या एप्रिलमध्ये, या समुद्राच्या पार, बालीच्या पूर्वेला सुंबावा बेटावर तांबोरा फुटला. माणसाने नोंदवलेल्या इतिहासातला तो सर्वांत मोठा उद्रेक. त्याच्या राखेने पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच येऊ दिला नाही. मनोऱ्यावर अर्थात फक्त नेपोलियनची दखल आहे.