सिक्कीमच्या विधानसभेत प्रश्न विचारणार कोण?

मा. संपादक,


सिक्कीम विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. तिथली मतमोजणी २ जूनला झाली आणि दोनच दिवसांनी लोकसभेचे निकाल लागले, त्यामुळे ते समजण्यासारखे आहे. सिक्कीम क्रांतिकारी मोर्चाला ३२ पैकी ३१ जागा मिळाल्या, प्रेमसिंग तमांग पुन्हा मुख्यमंत्री झाले, एवढे वाचून आपण पान उलटले. त्यानंतर तिथे जे घडले ते मात्र प्रत्येक मराठी वाचकाने लक्षपूर्वक पाहावे असे आहे. जुलैमध्ये सिक्कीम डेमोक्रॅटिक फ्रंटचे एकमेव आमदार, श्यारीहून निवडून आलेले तेनझिंग नोर्बू लामथा, सत्ताधारी पक्षात गेले. पुढे दोन रिकाम्या जागांवरच्या पोटनिवडणुका बिनविरोध झाल्या. त्यांपैकी सोरेंग-चाकुंगची जागा मुख्यमंत्र्यांच्या मुलाकडे गेली. विधानसभेतल्या सर्व जागा एकाच पक्षाकडे आल्या.

नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. विरोधी पक्ष हा सभागृहाचा आवश्यक भाग आहे, असे मी मुलांना सांगत आलो. तेव्हा जनतेनेच असा कौल दिला असेल तर तक्रार कशाची, हा युक्तिवाद मला स्वस्थ बसू देत नाही.

जनतेने असा कौल दिलेलाच नाही. २०२४ मध्ये मोर्चाला सुमारे ५८ टक्के मते मिळाली आणि फ्रंटला २७ टक्क्यांहून अधिक. दहातल्या चार मतदारांनी सत्ताधाऱ्यांच्या विरोधात मत दिले होते. ज्या पक्षाला चौथ्या हिश्शाहून जास्त मते मिळाली, त्याच्या वाट्याला एक जागा आली आणि तीही दोन महिने टिकली नाही. १९८५ पासून सतत निवडून येणारे आणि चोवीस वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले फ्रंटचे पवनकुमार चामलिंग या वेळी दोन्ही मतदारसंघांत हरले. त्यांची सत्ता गेल्याचे मला दुःख नाही, ती जायलाच हवी होती. पण त्यांना मते देणाऱ्यांनी आपले म्हणणे सांगायला कोणाकडे जायचे?

हे एकदाच घडले असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. १९८९ मध्ये नरबहादूर भंडारींच्या सिक्कीम संग्राम परिषदेने सर्व ३२ जागा जिंकल्या. २००४ मध्ये चामलिंगांनी ३१ आणि २००९ मध्ये ३२. २००९ मध्ये काँग्रेसला २७ टक्क्यांच्या आसपास मते होती आणि जागा शून्य. उलट २०१९ मध्ये फ्रंटला मोर्चापेक्षा किंचित जास्त मते पडली, तरी जागा १५ विरुद्ध १७ झाल्या आणि सत्ता मोर्चाकडे गेली. मतदारसंघ सरासरी चौदा-पंधरा हजार मतदारांचा. थोडे वारे फिरले की सगळीच्या सगळी विधानसभा एका बाजूला कलते. मोठ्या राज्यात एका भागातली लाट दुसऱ्या भागात अडते. सिक्कीममध्ये तेवढे अंतरच नाही. घटनेच्या कलम १७० नुसार विधानसभेत किमान ६० सदस्य हवेत, सिक्कीमसाठी कलम ३७१ फ ने ती मर्यादा ३० वर आणली. लहान राज्याला ते सोयीचे आहेच, पण त्याची ही किंमतही मोजावी लागली.

निवडणुकीने जे थोडे विरोधक ठेवले, ते नंतरच्या पक्षांतरांनी संपवले. २०१४ मध्ये मोर्चाचे दहा आमदार निवडून आले, पुढच्याच वर्षी त्यांतले सात तेव्हाच्या सत्ताधारी फ्रंटमध्ये गेले. २०१९ मध्ये पारडे फिरले आणि फ्रंटच्या आमदारांवर ती वेळ आली. दोन-दोन ठिकाणी निवडून आलेल्यांनी एकेक जागा सोडल्यावर ते तेराच उरले होते. ऑगस्टमध्ये त्यांतले दहा भाजपमध्ये गेले, दोघे मोर्चात. चामलिंग एकटे उरले. ज्या भाजपला त्या निवडणुकीत दोन टक्केही मते नव्हती आणि एकही जागा नव्हती, तो पक्ष एका दिवसात सभागृहात प्रमुख विरोधी पक्ष झाला आणि काही काळातच मोर्चाचा मित्रही. या बदलावर एकाही मतदाराचे मत घेतले गेले नाही.

हे सारे कायद्यात बसते, आणि खरी खंत तीच आहे. पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट १९८५ मध्ये आले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने एक-तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेली सवलत काढून टाकली. परिच्छेद ४ मधली विलीनीकरणाची सवलत मात्र राहिली. विधिमंडळ पक्षातले दोन-तृतीयांश सदस्य दुसरीकडे गेले की त्यांची आमदारकी शाबूत. शंभर आमदारांच्या पक्षात सदुसष्ट जण जमवायला कष्ट पडतात. दहांत सात पुरतात. आणि पक्षाचा आमदार एकच असेल तर त्याला कोणाचीच संमती लागत नाही. जितके सभागृह लहान, तितका हा परिच्छेद घातक. गोव्याच्या वाचकांना हे सांगायला नको. तिथे २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरांपैकी दहा आणि २०२२ मध्ये अकरांपैकी आठ आमदार याच वाटेने भाजपमध्ये गेले. विधी आयोगाने १७० व्या अहवालात, म्हणजे १९९९ मध्येच, फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाका असे सांगितले होते. निम्मी शिफारस मानली गेली आणि निम्मी तशीच पडून आहे.

विरोधक नसले तर काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी सिक्कीममधल्या तीस्ता नदीकडे पाहावे. ४ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटले आणि चुंगथांगचे तीस्ता-३ धरण वाहून गेले. १२०० मेगावॅटचा तो प्रकल्प होता. माणसे गेली, पूल गेले, उत्तर सिक्कीमचा संपर्क तुटला. तीस्तेवरच्या धरणांना झोंगू भागातले लेपचा लोक २००७ पासून विरोध करत होते, त्यासाठी तरुणांनी दीर्घ उपोषणे केली होती. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने त्याच जागी जवळपास दुप्पट उंचीचे काँक्रीटचे धरण उभारायला अनुकूल शिफारस केली. धरण हवे की नको यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण पाण्याचा हिशेब कोणी तपासला, इशारा देणारी यंत्रणा कुठे होती, पुनर्वसनाचा पैसा कुठे पोचला, हे विधानसभेत उभे राहून सरकारला अडचणीत आणतील असे प्रश्न आहेत. ते विचारणारा तिथे कोणी नाही. सत्ताधारी आमदाराने विचारलेला प्रश्न आणि विरोधकाने विचारलेला प्रश्न यांचे वजन सारखे नसते, हे विधिमंडळाचे कामकाज पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

एकाच पक्षाच्या सत्तेने स्थैर्य येते, हा मुद्दाही मी नाकारत नाही. सीमेवरचे राज्य, दळणवळण अवघड, माणसे कमी. संपूर्ण सेंद्रिय शेतीचे राज्य हा मान सिक्कीमने मिळवला आणि २०१९ चे सत्तांतर शांततेत पार पडले. परंतु ते सत्तांतर होऊ शकले कारण २०१४ मध्ये सभागृहात दहा विरोधक निवडून आले होते आणि त्या पक्षाला लोकांपुढे उभे राहायला पाय रोवता आले.

यावर उपाय म्हणून निवडणूक पद्धत बदलावी म्हटले, तर काहीजण म्हणतील, साऱ्या देशाची निवडणूक पद्धत एक, सिक्कीमसाठी वेगळी कशी करणार? सिक्कीमसाठी ती आधीच वेगळी आहे. तिथे ‘संघ’ नावाचा एक मतदारसंघ आहे, त्याला भौगोलिक सीमाच नाहीत. मान्यताप्राप्त मठांतले भिक्षू आणि भिक्षुणी त्यात मतदान करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ही व्यवस्था बहुमताने वैध ठरवली. २००४ मध्ये फ्रंटच्या हातून निसटलेली एकमेव जागा तीच होती. विधी आयोगाच्या त्याच अहवालात सभागृहांच्या जागा पंचवीस टक्क्यांनी वाढवून वाढीव जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात भराव्यात असेही सुचवले आहे. ३२ चे पंचवीस टक्के म्हणजे आठ. विधानसभा ४० जागांची करावी ही सिक्कीमची मागणी तर जुनीच आहे, कारण २००३ मध्ये अनुसूचित जमातींत आलेल्या लिंबू आणि तमांग समाजांना अजून राखीव जागा मिळालेली नाही. त्या वाढीव जागांत या समाजांचा वाटा ठरवून बाकीच्या मतांच्या प्रमाणात दिल्या, तर सव्वीस-सत्तावीस टक्क्यांच्या पक्षाला रिकाम्या हाताने परतावे लागणार नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे परक्यांचे दुखणे समजू नये. २०२४ च्या निकालानंतर २८८ च्या आपल्या विधानसभेत एकाही विरोधी पक्षाला प्रथेप्रमाणे लागणारे एक-दशांश, म्हणजे २९ आमदार आणता आले नाहीत आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. २०२२ आणि २०२३ मध्ये पक्ष कसे फुटले तेही आपण पाहिले आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यातून लोकसभेवर ५० खासदार जातात. दहाव्या परिशिष्टातला परिच्छेद ४ रद्द करायला घटनादुरुस्ती लागेल, आणि ती मांडण्याचा अधिकार यांतल्या प्रत्येकाला आहे. आपल्या वाचकांनी आपापल्या खासदाराला पत्र लिहून एवढेच विचारावे, की पक्ष सोडणाऱ्या आमदाराने पुन्हा मतदारांसमोर जावे या बाजूने आपण आहात की नाही? आणि उत्तर लेखी मागावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली