साथीच्या दिवसांतील एकवाक्यता

मीमांसकांनीं एकवाक्यतेचा विचार केला तो वेदवाक्यांचा अर्थ लावण्यासाठीं. पदें अनेक असलीं, तरी प्रयोजन एक असलें म्हणजे तें एकच वाक्य, असें त्यांचें म्हणणें. साथ आली असतां सरकारचीं अनेक खातीं जें बोलतात, त्यासही हीच कसोटी लावावी असें आमचें मत आहे. आणि तें बोलणें जुळविण्याचें काम ज्यांच्याकडे असतें, त्या जनसंपर्क अधिकाऱ्यांविषयीं आज चार शब्द लिहीत आहों.

पुण्यांत १८९७ सालीं प्लेगच्या तपासणीसाठीं सोजीर आधीं घरांत शिरले, आणि लोकांचें मन वळविण्याचें काम मागें राहिलें. त्याचा परिणाम २२ जूनच्या रात्रीं काय झाला, हें वाचकांस सांगावयास नको. त्याच वर्षीचा साथरोगांचा कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू झाला. या खेपेस सोजिरांऐवजीं घरोघरीं आशाताई गेल्या. त्यांनीं काय सांगावें, हें आरोग्य खातें, पोलिस, जिल्हा परिषद आणि जिल्हा माहिती कार्यालय यांनीं आधीं एकमेकांशीं बोलून ठरविणें अवश्य होतें. डॉक्टरास रोग कळतो, फौजदारास बंदोबस्त कळतो. पण त्या दोघांचें म्हणणें गांवच्या माणसाच्या गळीं कसें उतरेल, हें जाणणारा तिसराच असतो. तो बैठकीस नसला तर काय होतें, तें आम्हीं माकणींत पाहिलें.

त्या उन्हाळ्यांत पुण्यामुंबईहून माणसें निम्न तेरणेच्या धरणाकांठच्या या गांवीं परत येऊं लागलीं. घंटागाडीवरचा आवाज ‘घाबरूं नका’ म्हणे, आणि त्याच दिवशीं दुसरा हुकूम ‘बाहेरून आलेल्याची खबर द्या’ म्हणे. दोन्ही रास्त, पण दोहोंचा सांधा जुळवून देणारें कोणी नाहीं. त्यांत तो ‘विलगीकरण’ शब्द! संस्कृत शिकविण्यांत ज्यांचा जन्म गेला त्या आम्हांसही तो ऐकून धडकी भरे. मग इतरांस ती अटकच वाटली, यांत नवल काय? आमच्या आळींतील एका घरानें म्हाताऱ्याचा ताप चार दिवस लपवून ठेविला. दवाखान्यांत नेलें तेव्हां श्वास लागला होता. ते परत आले नाहींत. पुढें आशाताई ‘वेगळी खोली, वेगळें ताट’ इतक्या साध्या भाषेंत सांगूं लागल्या, तेव्हां लोकांस उमजलें. सोयरसुतक पाळणाऱ्या घरांस त्यांत अपरिचित असें कांहींच नव्हतें.

आंकड्यांचीही तीच कथा. १६ जून २०२० रोजीं राज्य सरकारनें जुन्या नोंदी ताडून पाहून १,३२८ मृत्यु एकूण संख्येंत मिळविले. त्यांपैकीं ८६२ एकट्या मुंबईचे. विरोधकांनीं ओरड केल्यावर कां होईना, हिशेब जाहीर झाला हें बरें. परंतु मृतांचा आंकडा दोन कचेऱ्यांत दोन असला, म्हणजे लोक तिसरा आपल्या मनानें बनवितात.

आतां सुशिक्षितांविषयीं. मे २०२१ मध्यें नोबेल पारितोषिक मिळविलेले फ्रेंच शास्त्रज्ञ ल्यूक माँतान्ये यांच्या नांवावर ‘लस घेतलेले सर्व दोन वर्षांत मरतील’ असें वाक्य देशभर फिरलें. तसें ते बोललेच नव्हते. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानें तें खोटें असल्याचें जाहीर केलें. ही वदंता आमच्या घरीं कोणा अडाण्यानें आणिली नाहीं. पदवीधर भाच्यानें ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर धाडली, आणि इंग्रजींत आहे एवढ्यावरच ती खरी मानली गेली! खुलासा मागाहून आला. थोरल्या सुनेनें तो पंगतींत मराठींत समजावून सांगितला. सर्वांनीं माना डोलावल्या. तरी वहिनींनीं आणखी तीन आठवडे लस घेतली नाहीं. भाच्यानें त्याच व्हॉट्सॲपवर ‘मी पाठविलें तें खोटें होतें’ असें लिहिलें, त्याच्या दुसऱ्या दिवशीं त्या केंद्रावर गेल्या.