पक्कड कुणाच्या हातात?



भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती. आठवीचा एक गट सेलवर चालणाऱ्या छोट्या मोटरला पुठ्ठ्याची पाती लावून पंखा करत होता. तारा सोलणं, सेल जोडणं, बिघडलं की पुन्हा उघडणं ही कामं तिघा मुलांकडे. दोघी मुली तक्ता रंगवत बसलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आमचं अक्षर चांगलं आहे ना!" वाटणी बाईंनीच केली होती, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांच्याही मनात आलं नव्हतं.

शाळेत मुलांच्या कल्पकतेला वाव द्यावा, असं आता सगळेच म्हणतात. २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅबही आल्या. पण नवं सुचायचं तर वस्तू हाताळायला हवी, उघडायला हवी, प्रसंगी मोडायलाही हवी. मुलाने घरातलं घड्याळ खोललं तर "इंजिनिअर होणार" म्हणून कौतुक, मुलीच्या हातून कपबशी फुटली तर "सासरी काय दिवे लावणार!" ही धास्ती घेऊनच ती प्रयोगशाळेत येते. १९३३ साली कमला सोहोनींना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्रवेशासाठीच झगडावं लागलं होतं. आज मुली आत आहेत, पण तक्त्यापाशी.

वेगळी वाट आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना. म्हणजे मुलगी वेल्डिंग करते आणि मुलगा चिक्की. आम्हाला यातली दुसरी गोष्टही पहिलीइतकीच मोलाची वाटते.

महागडी लॅब नसली तरी अडत नाही. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांतलं भंगार आहे, मिठागरं आहेत. पाणी आटताना मीठ कसं धरतं, हे स्फटिकांच्या धड्याआधीच बघता येईल.

त्या बाईंशी आम्ही बोललो. त्या रागावल्या नाहीत. रोज कामं फिरवायची ठरली. पहिल्याच दिवशी पंखा उलटा फिरला. पक्कड आता मुलीच्या हातात होती. तिने सेल काढला, उलटा बसवला, पंखा सरळ फिरला. मग थांबायचं सोडून ती पाती वाकवून वारा कमीजास्त होतो का ते बघत बसली.

तक्ता अजून अर्धाच आहे. मुलगे अक्षर गिरवताहेत.