खुडूक कोंबडीच्या पाटीत काय घालताय?



हा मेसेज बहुतेक घरी दादांच्या फोनवर पडणार, आणि कोंबड्या बघतात ताई. म्हणून आधी एक विनंती. वाचून झाला की ज्या हातांनी अंडी गोळा होतात त्या हातात फोन द्या, नाहीतर वाचून दाखवा.

पंधरा दिवसांत एकाच प्रकारचे दोन फोन आले. कोंबडी १२ अंड्यांवर बसवली, चौदा-पंधरा दिवस नीट बसली, मग एका रात्री उठली ती परत पाटीकडे फिरकेना. तुरा फिका पडलेला. पाटी उलटी केली तर तळाला बारीक तांबडे-काळे ठिपके चालताना दिसले. हा रेड माइट. आपल्याकडे कोणी गोचीड म्हणतं, कोणी पिसवा. दिवसा फटीत आणि काडात लपतो, रात्री कोंबडीचं रक्त पितो. उबेत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी तयार होते आणि कोंबडीला तर २१ दिवस एकाच जागी बसायचं असतं. ती बिचारी उठणारच.

“मग काय केलं ताई?” “पावडर टाकली.” “कसली?” “गमॅक्सिन.”

इथे मला बोलावंच लागतं. गमॅक्सिन म्हणजे बीएचसी, त्यावर आपल्या देशात १ एप्रिल १९९७ पासून बंदी आहे. म्हणजे सुटी बांधून आणलेली ती पांढरी भुकटी नक्की काय होती, हे ताईंना माहीत नाही आणि देणाऱ्यानेही सांगितलं नाही. काही जण नुवान पाण्यात कालवून खुराड्यात मारतात. ते डायक्लोरव्हॉस, त्यावरही ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी. आणि ऊसवाल्या भागात घरात उरलेलं असतं फिप्रोनिल, खोडकिडीसाठी आणलेलं. तेच थोडं पाटीखाली टाकलं जातं.

फिप्रोनिलची गोष्ट ऐका. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांची शेड साफ करणाऱ्यांनी याच माइटसाठी मारायच्या औषधात फिप्रोनिल मिसळलं होतं. सांगताना मात्र वनस्पतीजन्य औषध म्हणून सांगितलेलं. हे औषध चरबीत मुरतं आणि अंड्याच्या पिवळ्या बलकात उतरतं. लाखो अंडी दुकानांतून परत घेतली, फार्मला कुलपं लागली. त्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना आपल्या शेडमध्ये काय मारलं हे माहीतसुद्धा नव्हतं. आपली अंडी गावरान म्हणून जास्त भावाने जातात. गिऱ्हाईक तो जास्तीचा पैसा विश्वासापोटी देतं. आणि त्याआधी ती अंडी आपलीच नातवंडं खातात.

“आमच्या आजीने जन्मभर टाकली, काय झालं?” असं एक दादा म्हणाले. काय झालं हे कोणी तपासलं होतं का दादा?

माझं मत स्पष्ट आहे. ही अडचण औषधाची नाही, अंथरुणाची आहे. अंथरूण कोरडं, ताजं आणि बदलतं ठेवलं तर पावडरीची वेळच सहसा येत नाही.

आता अंथरूण कशाचं? अकोले, राजूरकडच्या सभासदांना भाताचं तूस गिरणीवर मिळतं, त्याच्यासारखं दुसरं नाही. इतरांनी गव्हाचं काड बोटभर तोडून घालावं. उसाचं पाचट कडक वाळलेलं असेल तर बारीक करून चालतं, पण धारदार पातं मोडून घ्या. बाजरीचं भुसकट नको. मळणीला आपल्यालाच किती खाजतं आठवा.

चिपाडावर मात्र माझा राग आहे. कारखाना किंवा गुऱ्हाळ जवळ, फुकट मिळतं, म्हणून पाटी भरली जाते. अर्धवट ओलं चिपाड गोडसर असतं. पावसाळी हवेत दोन-चार दिवसांत त्याला बुरशी येते, मुंग्या लागतात. अंडं फुटायला लागलं की त्याच मुंग्या ओल्या पिल्लाला डसतात. बुरशीची धूळ पिल्लाच्या फुफ्फुसात गेली की पिल्लू चोच उघडून धापा टाकतं आणि मरतं. लोक म्हणतात मर आली. मर नाही, ती पाटीतली बुरशी असते. कुबट वास आला की ते अंथरूण उकिरड्यावर, मग तूस असो की काड.

सुताराकडचा भुसा घेत असाल तर प्लायवूडचा घेऊ नका, त्यात डिंक आणि रसायन असतं. जुन्या साडीच्या चिंध्या, गोणपाटाचे दोरे नको, पिल्लाच्या बोटांना फास बसतो. नुसता पेपर घसरडा, पिल्लाचे पाय फाकतात. खताचं किंवा औषधाचं रिकामं पोतं तर धुऊनही नको.

पाटी वेताची किंवा मातीची घ्या, पत्र्याखाली लोखंडी घमेलं तापतं. तळाला दोन बोटं कोरडी माती, त्यात चाळलेली थोडी राख, वर चार बोटं काड. राख ओली होऊ देऊ नका. कडुलिंबाचा वाळलेला पाला घातला तर बरंच आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कोंबडी बसवायच्या आधी जुनं अंथरूण जाळा, पाटी आणि खुराड्याच्या फटीत उकळतं पाणी ओता, दिवसभर उन्हात ठेवा, खुराड्याला चुना मारा. दहाव्या दिवशी कोंबडी चरायला उठली की अंथरूण बदलून अंडी पटकन परत ठेवा. रात्री बॅटरी लावून पाटीच्या कडा बघा. अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. बाकीच्या कोंबड्यांना मोकळी माती आणि राखेचा एक खड्डा द्या, त्या स्वतःच लोळतात.

एवढं करूनही माइट गेला नाही तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. शेतीचं औषध घरच्या अकलेने वापरू नका.

ज्यांनी खुराड्यात आधीच काही टाकलं आहे त्यांनी ती अंडी सध्या संकलनाला देऊ नका, घरीही खाऊ नका. पाकीट असेल तर त्याचा फोटो पाठवा. कोणावर कारवाई नाही, फक्त काय टाकलं ते कळू द्या.