कॉलेजच्या खर्चाची घरांतील वाटणी

बारावीचा निकाल मे महिन्यांत लागतो आणि मृगाचा पाऊस जूनमध्यें येतो. शेतकऱ्याच्या घरांत पैशाची ओढ ज्या वेळीं सर्वांत अधिक असते, नेमकी त्याच सुमारास कॉलेजच्या फीची मागणी दारांत येऊन उभी राहते. कपाशी व सोयाबीन यांची पट्टी दिवाळीच्या आगेमागे हातीं येते. उसाचें बिल कारखाना सुरू झाल्यावर हिवाळ्यांत मिळतें. द्राक्षाचा पैसा उन्हाळ्याच्या तोंडीं येतो खरा, पण जूनपर्यंत तो औषधांच्या उधारींत जिरून गेलेला असतो. मग बियाण्या-खतासाठीं सोसायटींतून काढलेल्या पीककर्जांतील कांहीं रक्कम फीकडे वळते, आडत्याकडून उचल घेतली जाते, घरांतील पाटल्या तारणाला जातात, किंवा दुभती म्हैस बाजारांत उभी राहते. हें सर्व आमच्या वाचकांस नवें नाहीं.

शेतकऱ्यानें मुलांच्या उच्च शिक्षणावर खर्च करावा कीं करूं नये, हा वाद आतां उरलेला नाहीं. जमिनीचे तुकडे पडत चालले असतां सगळ्या मुलांनीं तिच्यावरच पोट भरावें असें कोणीहि शहाणा माणूस म्हणणार नाहीं. आम्हांस येथें जें सांगावयाचें आहे तें निराळें आहे. हा खर्च घरांतील एकटा कोणी करीत नसतो; तो अनेकांत वांटला गेलेला असतो. परंतु कोणाच्या वांट्यास किती आला हें कोणी बोलत नाहीं, कोठें लिहीत नाहीं, आणि पंधरा-वीस वर्षांनीं जमिनीच्या वाटणीच्या वेळीं तोच न बोललेला हिशेब भांडणाच्या रूपानें बाहेर पडतो.

बाप फी भरतो असें आपण म्हणतों. पण तो पैसा येतो कोठून? ज्या घरांत दोन भाऊ आहेत व धाकटा पुण्यास शिकत आहे, तेथें थोरला दहावी-बारावीनंतर शेतावर राहिलेला असतो. रात्रीच्या विजेच्या पाळीला पाणी धरणारा तोच, फवारणीचा पंप पाठीवर घेणारा तोच. त्याला मजुरी मिळत नाहीं. मिळाली असती तर वर्षाकाठीं किती झाली असती हें ज्यानें-त्यानें आपल्या गांवच्या दरानें काढून पाहावें. त्याचें लग्नहि पुष्कळदां “धाकट्याचें शेवटचें वर्ष होऊं दे” म्हणून पुढें ढकलतात. बहिणीचें उलट असतें. तिचें लवकर उरकतात, म्हणजे तेवढा एक खर्च आटोपतो. आईच्या अंगावरचें सोनें गेलें तर तें परत येतेंच असें नाहीं. शहरांत काका किंवा मामा असेल तर मुलगा त्यांच्या दोन खोल्यांत राहतो, आणि तीन-चार वर्षें त्याचा डबा करणाऱ्या मामीचें नांव कोणत्याहि हिशेबांत येत नाहीं. मुलगा पदवीधर झाला म्हणजे गांवांत पेढे वांटले जातात व “बापानें शिकवलें” असें लोक म्हणतात. तें खोटें नसलें तरी अपुरें आहे.

हा प्रश्न आजचा नव्हे. एकत्र कुटुंबाच्या पैशानें शिकलेल्या माणसानें मिळविलेली संपत्ति त्याची एकट्याची कीं सर्वांची, यावर आपल्या धर्मशास्त्रांत विद्याधन या नांवाखालीं पूर्वींपासून विचार झालेला आहे. इंग्रजी अमदानींत कोर्टांपुढें हा वाद वारंवार गेला. १९२१ सालीं आय. सी. एस. झालेल्या एका गृहस्थाच्या बाबतींत प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, विशेष शिक्षण कुटुंबाच्या पैशानें झालें असल्यामुळें त्याची कमाईहि कुटुंबाचीच धरावी. या निर्णयानें सुशिक्षितांत मोठी खळबळ झाली, आणि अखेर बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या खटपटीनें १९३० सालीं हिंदु विद्याधनाचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्यानें ठरविलें कीं, शिक्षणाचा खर्च सबंध कुटुंबानें केला असला तरी केवळ तेवढ्या कारणानें शिकलेल्याची कमाई सामाईक होत नाहीं. ती त्याची स्वतंत्र मिळकत होय.

हा कायदा वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नोकरी करणाऱ्याच्या पगारांत जन्मभर दहा वांटेकरी असावेत हें कोणालाहि परवडण्यासारखें नव्हतें, आणि तसें असतें तर पुष्कळ हुशार तरुणांनीं घराचें नांवहि टाकलें असतें. परंतु त्याचा परिणाम काय होतो तो पाहा. शिकलेल्या भावाचा पगार सर्वस्वी त्याचा, आणि वडिलार्जित जमिनींत त्याचा वांटा थोरल्याइतकाच कायम. ज्या थोरल्यानें वीस वर्षें तीच जमीन कसून धाकट्याची फी भरली, त्याच्या हातीं अर्धी जमीन राहते. कायद्यानें तराजूचें एक पारडें धरलें, दुसरें घरानें धरावयाचें म्हणून सोडून दिलें. आणि घरानें तें धरलें नाहीं. सातबाऱ्यावर फक्त नांवें असतात, कोणी किती घाम गाळला याची नोंद तलाठी करीत नाहीं.

बहिणीची गोष्ट तर याहून अवघड आहे. महाराष्ट्रांत १९९४ पासून, आणि २००५ च्या दुरुस्तीनें सबंध देशांत, मुलीला वडिलार्जित मिळकतींत मुलाप्रमाणेंच जन्मतः हक्क मिळाला आहे. तरी गांवोगांव काय चालतें हें आम्हीं सांगावयास नको. वडील वारले कीं बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतात, साडी-चोळी करतात व गाडींत बसवून देतात. जिचें स्वतःचें शिक्षण भावाच्या कॉलेजसाठीं बारावीवर थांबलें, तीच जमिनीवरचा हक्कहि सोडते. म्हणजे एकाच शिक्षणाचा खर्च तिच्याकडून दोनदां वसूल होतो. ज्या भावांस हें वाचून राग येईल त्यांनीं आपल्या बहिणीची इयत्ता व आपली इयत्ता शेजारीं-शेजारीं लिहून पाहावी.

पूर्वीं हा भार एकट्या घरावर पडूं नये म्हणून आपल्याच लोकांनीं केवढी खटपट केली होती! शाहू छत्रपतींनीं १९०१ पासून कोल्हापुरांत वसतिगृहें उभारविलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व पुढें साताऱ्यास वसतिगृह चालविलें. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या पोटासाठीं अंगावरचे दागिने मोडले. खेड्यांतून धान्य जात असे आणि मुलें स्वतः कामें करीत असत. १९४७ सालीं साताऱ्यास कॉलेज निघालें तेंहि ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. म्हणजे विद्यार्थी, घर आणि समाज अशा तिघांनीं मिळून तो भार उचलावा अशी ती योजना होती. १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी मिळाली. त्यामुळें जागा वाढल्या व शेतकऱ्याच्या मुलांस दार उघडलें हें खरें, पण खर्चाचें ओझें पुन्हां घरावर येऊन बसलें.

आतां आमचें म्हणणें सरळ सांगतों. प्रवेश घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं, मुलीबाळींसह, एकदां एकत्र बसावें आणि पुऱ्या शिक्षणाचा आंकडा काढावा. एका वर्षाचा नव्हे. पहिल्या वर्षाची फी कशीबशी भरावयाची व पुढचें पुढें पाहूं म्हणावयाचें, या रीतीनेंच म्हशी विकल्या जातात. उदाहरणादाखल एक हिशेब देतों. आंकडे केवळ समजण्यासाठीं आहेत. समजा, चार वर्षांच्या शिक्षणास दर सालची फी ९०,००० रुपये, खोली व खानावळ दहा महिन्यांची दरमहा ६,००० प्रमाणें ६०,००० रुपये, आणि पुस्तकें, प्रवास वगैरे १०,००० रुपये. सालाचे १,६०,००० व चार सालांचे ६,४०,००० रुपये झाले. शुल्काच्या सवलतींतून दर साल ३५,००० रुपये सुटले असें धरलें तर ५,००,००० उरतात. यांपैकीं २,००,००० रुपयांचें शैक्षणिक कर्ज मुलानें आपल्या नांवानें घ्यावें. ६०,००० रुपये त्यानें सुट्ट्यांत व कॉलेजांतील कामांतून मिळवावे. ४०,००० रुपये मामा-काका स्वखुशीनें देतील ते. राहिलेले २,००,००० रुपये घरच्या सामाईक उत्पन्नांतून जावे, व ते एका वहींत तारीखवार लिहावे.

या शेवटच्या रकमेवरच आमचा सारा भर आहे. ती घरानें त्या मुलास दिलेली उचल समजावी. नोकरी लागल्यावर त्यानें ती बिनव्याजी, सवडीनें परत करावी. भावाच्या मुलांच्या फीसाठीं दिली तरी चालेल. परत झाली नाहीं तर वाटणीच्या वेळीं त्याच्या हिश्शांतून तितकी वजा धरावी. थोरल्याच्या श्रमाची मजुरी लावावी असें आम्ही म्हणत नाहीं, त्यानें घराचें दुकान होईल. परंतु “अमुक सालापासून अमुक सालापर्यंत थोरल्यानें शेत सांभाळलें व फी त्या उत्पन्नांतून भरली” एवढें वाक्य त्याच वहींत वडिलांच्या हातचें असावें. तसेंच मुलाच्या शिक्षणास जितकें बाजूला काढलें तितकें मुलीच्या नांवेंहि काढावें. ती पुढें शिको वा न शिको, तो तिचा आहे.

यावर कोणी म्हणेल, सख्ख्या भावांत कसली लिखापढी? आमचा उलट प्रश्न असा कीं, दूध संघाचें बिल दहा दिवसांनीं आलें तर आपण फॅटचा आंकडा तपासतां, कारखान्याच्या काट्यावर उभे राहून वजन पाहतां, आडत्याच्या पट्टींतील हमाली-तोलाई बोटानें मोजतां. मग ज्या व्यवहारांत सबंध घराची दहा वर्षें गुंतलीं तोच तेवढा तोंडी कां? लिहिल्यानें प्रेम कमी होतें असें आम्हांस वाटत नाहीं. आठवणींत मात्र प्रत्येकाचा वांटा दर वर्षीं थोडा-थोडा वाढत जातो.

कर्जाविषयीं दोन शब्द. पीककर्ज फीकडे वळवूं नये, हें आम्ही आग्रहानें सांगतों. ठरल्या मुदतींत फेडल्यास त्या कर्जावर व्याजाची मोठी सवलत मिळते. मुदत चुकली कीं सवलत जाते, आणि थकबाकीदाराला पुढच्या हंगामास सोसायटी कर्ज देत नाहीं. एका फीपायीं दोन हंगाम बिघडतात. शैक्षणिक कर्जाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे हप्ते शिक्षण संपेपर्यंत व साधारण त्यानंतरच्या एका वर्षापर्यंत सुरू होत नाहींत. व्याज मात्र चढत असतें, हें विसरूं नये. ४ लाखांपर्यंतच्या अशा कर्जास बँकांनीं तारण मागूं नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. तरीहि “सातबारा आणा, बोजा चढवूं” असें कोणी म्हणाल्यास ती सूचना दाखवून उत्तर मागावें. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांस तारण व जामीन यांवांचून कर्ज मिळण्याची सोय आहे.

सवलतींचें म्हणाल तर त्या घेण्यांत संकोच कसला? खुल्या गटांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांस व्यावसायिक शिक्षणासाठीं राजर्षि शाहू महाराज योजनेंतून निम्मी फी मिळते; अल्पभूधारकांच्या मुलांस डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नांवाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाप्रमाणें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील तेवढ्याच उत्पन्नमर्यादेच्या घरच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें आहे. पण फी माफ झाली म्हणजे मुलगी फुकट शिकते असें समजून तिच्या खानावळीच्या पैशाकडे दुर्लक्ष करणारीं घरें आहेत, आणि मग दुसऱ्या वर्षीं ती परत येते. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. तहसिलींतील उत्पन्नाचा दाखला निकालानंतर काढूं म्हणणाऱ्याची रांगेंत फजिती होते.

एक अडचण राहतेच. मुलगा दोन वर्षांनीं शिक्षण सोडून परत आला, किंवा पदवी मिळूनहि नोकरी लागली नाहीं, तर वहींतील उचलीचें काय करावें? आमच्या मतें, तो शेतावर येऊन थोरल्याच्या बरोबरीनें राबूं लागला तर ती रक्कम घरानें माफ करावी. त्याचें शिकणें थोडेंबहुत जमिनीच्या कामीं येईलच. तो शहरांतच राहिला व कमावूं लागला तर, कमाई थोडी असली तरी, ती उचलच राहावी. यावर दुमत होऊं शकेल. ज्या घरांत असा हिशेब ठेवून वाटण्या झाल्या असतील, त्यांनीं तो अनुभव आम्हांस कळवावा, म्हणजे इतर शेतकरी बंधूंस तो उपयोगी पडेल. आणि ज्यांच्या घरीं यंदा अकरावींत मूल आहे, त्यांच्या हातीं अजून एक दिवाळीची पट्टी तरी शिल्लक आहे. तिच्यांतून पहिल्या वर्षाची फी बाजूला काढून ठेवतां येईल.